करंड्यातल्या टोप्या

आष्टीला मी ज्यांच्या घरात भाड्याने राहत होते, ते आमचे घरमालक माणसांची पारख टोपीवरून करायचे. डोक्यावरच्या नव्हे, बंदुकीच्या. आमचे हेडमास्तर म्हणजे जाळ मोठा, पण भरवसा नाही. परतूरच्या बँकेतला साहेब सादळलेला. बायकोचा भाऊ उशिरा पेटणारा. माझ्याबद्दलचं मत त्यांनी बराच काळ राखून ठेवलं होतं. पहिलं वर्ष संपताना एकदा बायकोला म्हणाले, की बाई बराबर आहेत, रोज तेवढ्याच पेटतात. त्यांच्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आपली दोन दिवस त्यांच्याशी फुगून होते.

गाव त्यांना मामा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला मामी, म्हणून मीही म्हणायला लागले. मामा उंच, वाळके, आणि शर्टाच्या खिशात घड्याळजी वापरतात तसलं भिंग कायम. माझी शाळेत नेमणूक झाली तेव्हा वडील मला घेऊन खोली बघायला आले होते. घरमालक भाडेकरूला गाव, आडनाव, पगार आणि येणारी-जाणारी माणसं विचारतो. यांनी यातलं काहीच विचारलं नाही. खिशातून एक चपटी पत्र्याची डबी काढली, माझ्या कानाशी हलवली आणि काय ऐकू येतंय ते विचारलं. मी म्हटलं, खडे हलल्यासारखं. त्यावर ते माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, म्हणजे डबी भरलेली नाही, भरलेली डबी वाजत नसते. मग भाडं सांगितलं. बदनापूरला परत जाताना वडील गाडीत म्हणाले, माणूस थोडा सटकलेला दिसतो, पण दाराची कडी मजबूत आहे.

बंदूक त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली, पीक राखायच्या परवान्याची, ठासणीची. तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, मागे घोड्याखाली तांब्याची एक इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ती पेटते, तिची ठिणगी आत जाते आणि बार उडतो. हे सगळं मला माहीत असण्याचं काही कारण नाही, मी शाळेत हिंदी शिकवते. पण मामांच्या घरात राहून टोपीबद्दल अडाणी राहणं शक्यच नव्हतं. पोस्टमन, दूधवाला, मीटर बघायला आलेला वायरमन, सगळ्यांना ते शिकवून ठेवलं होतं. लोक बंदुकीची नळी बघतात, दारू बघतात, नेम बघतात. मामांचं म्हणणं असं, की बार खरा का खोटा ते टोपीत ठरतं, बाकी सगळी वरात.

दिवाळी झाली आणि ऊन कोरडं पडलं, की टोप्या निवडायचा दिवस यायचा. त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखं वातावरण. अंगणात सतरंजी, तिच्यावर पांढरं धोतर, त्यावर एकेक टोपी उपडी, उताणी, पुन्हा उपडी. भिंगातून आतला मसाला बघायचा, सगळीकडे सारखा बसलाय का, कुठं पापुद्रा सुटलाय का. कडेला वाकडेपणा आहे का ते नखाने चाचपायचं. मांजर कोंडलेलं. माझा मोबाइल आतल्या खोलीत. मामींनी कुकर लावायचा नाही, कारण शिट्टीने हात हलतो. मामी तुरीच्या डाळीतले खडे निवडत उंबऱ्यात बसायच्या आणि मला ऐकू येईल अशा बेताने म्हणायच्या, की पोरीच्या स्थळाला एवढं निरखून पाहिलं असतं तर जावई जरा उंच मिळाला असता.

निवडलेल्या टोप्या कुठे ठेवायच्या, हा मोठा प्रश्न होता. पावसाळ्यात घराला ओल यायची. कपाट झालं, तांदळाचा डबा झाला, शेवटी मामांना पसंत पडली ती देवघरातली जागा, समईच्या उबेला. आणि डबा म्हणून त्यांनी उचलला मामींचा माहेरून आलेला चांदीचा करंडा, कारण त्याचं झाकण असं बसायचं की वारा शिरत नाही. मामी तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. परत आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू. अंगणात बायका बसलेल्या, मामी नऊवारी नेसून करंडा घेऊन आल्या, सरपंचांच्या सुनेपुढे वाकून झाकण उघडलं आणि कुंकवात बोट बुडवायला गेल्या. तिथे तांब्याच्या टोप्या. सून बिचारी कपाळ पुढे करून तशीच. मामी काय बोलल्या ते मी लिहीत नाही, पण मामा त्या दिवशी मागच्या दाराने रानात गेले आणि दिवेलागणीलाच परत आले. करंडा मात्र मामींना परत मिळाला नाही. त्यांनी पुढे कुंकू स्टीलच्या डबीत ठेवलं आणि त्याबद्दल आयुष्यभर ऐकवायचा हक्क कमावला.

टोप्या मिळायच्या जालन्याला, एकाच परवानाधारक दुकानात. असली वस्तू रेल्वेत आणि एसटीत नेता येत नाही, म्हणून मामा आष्टीहून थेट जालन्यापर्यंत जुन्या मोपेडवर जायचे, डोक्याला उपरणं गुंडाळून. कायद्याच्या बाबतीत ते फार काटेकोर. एका रविवारी मी बदनापूरहून येताना जालन्याला उतरले होते, तेव्हा त्या दुकानात त्यांना बघण्याचा योग आला. दुकानदाराने काउंटरवर दोन जातीच्या डब्या ठेवल्या होत्या आणि स्वतः टेबलावर कोपर टेकून, हनुवटी तळहातात धरून बसला होता. एक जात महाग, तिचा जाळ मोठा. दुसरी साधी. दुकानदार महागाची शिफारस करत होता. मामांनी त्याला समजावलं, की मोठा जाळ म्हणजे चांगली टोपी हा गैरसमज आहे. एक टोपी भडकून पेटली आणि दुसरी मिणमिणली, तर माणसाने नेम कशाच्या भरवशावर धरायचा? जी डबीतल्या पहिलीपासून शेवटपर्यंत सारखीच पेटते, ती टोपी चांगली. दुकानदार म्हणाला, काका, तुम्हाला डुकरं हाकलायची आहेत का ऑलिम्पिकला जायचंय? मामांनी साधी डबी घेतली आणि मला म्हणाले, “गिऱ्हाइकाला घाई नसती बाई. घाई दुकानाला असती.”

दुकानदाराचा प्रश्न माझ्याही मनात होता. रानात बार काढायचा तो जनावरं पळवायला. आवाज झाला म्हणजे झालं. त्याला नेम कशाला आणि एवढी निवडानिवड कशाला? मामांनी एकही जनावर कधी मारलं नव्हतं. घरात मांसमच्छी नाही आणि मामींची लग्नातच अट होती, की बंदूक घरात राहील, पाप राहणार नाही. मग हा सगळा कारभार कशासाठी चाललाय, ते मला मामांनी सांगितलं नाही. मामींनी सांगितलं, एका दुपारी शेंगा फोडताना.

मामांना एक धाकटा भाऊ होता. वाटण्या झालेल्या, पण रानं शेजारी शेजारी. मामांचं वरच्या अंगाला, धाकट्याचं खालच्या. दोन्ही रानांच्या एका बाजूने ओढा जातो, तो थेट दुधना नदीकाठच्या झुडपात उतरतो. रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप त्या झुडपातून वर येतात आणि मामांच्या रानात शिरतात. आता रोही मोठं जनावर, घोड्याएवढं. वरून बार काढला की कळप आवाजाच्या उलट दिशेला सुटतो, म्हणजे सरळ धाकट्याच्या पिकात. गावोगाव यावरून भांडणं आहेत. प्रत्येक जण आपल्या रानातलं संकट शेजारच्याच्या रानात हाकलतो आणि शेजारचा दुसऱ्या दिवशी ते परत पाठवतो.

मामांनी यावर आपली एक तोड काढली होती. दोन्ही रानांच्या मधल्या उंच बांधावर, लिंबाच्या झाडाला, त्यांनी तेलाचा मोठा पत्र्याचा डबा टांगला होता. मागे मातीचा ढीग, गोळी तिथेच रुतावी म्हणून. बार काढायचा तो त्या डब्यावर. वरून बंदुकीचा आवाज आणि खालून डब्याचा दणका, दोन्हीकडून एकाच वेळी. मधे सापडलेला कळप ना वर येतो ना खाली जातो, बाजूला वळतो आणि ओढ्याने नदीला लागतो. यांचंही पीक वाचतं, भावाचंही. पण डब्याला गोळी लागली तर. नाही लागली तर नुसता वरचा बार, आणि कळप भावाच्या रानात.

आणि एका वर्षी तेच झालं होतं. पहाटेचं धुकं, धाकट्याची तूर शेंगांनी लगडलेली. मामांनी नेम धरला, घोडा पडला, टोपी फट्कन वाजली आणि बार उडालाच नाही. क्षणभर गेला. त्या आवाजाने कळपाने माना वर केल्या, मामांचा नेम हलला, आणि मग बार उडाला. गोळी डबा सोडून मातीत गेली. सगळा कळप तुरीतून आडवा धावला. खाल्लं असतं तर थोडं खाल्लं असतं, त्यांनी तुडवून झोपवलं. धाकटा रानात आला, त्याने आपली तूर पाहिली, वर उभा असलेला भाऊ पाहिला आणि हातातली बंदूक पाहिली. एवढंच म्हणाला, की हौस फिटली का. त्या दिवसापासून अबोला.

मामी म्हणाल्या, “तवापासून ह्यांचं हे टोप्यांचं येड. आधी असे नव्हते ओ बाई. खिशात हात घालायचा, हाताला येईल ती चढवायची.”

त्यानंतर मामांनी जगाला सांगायचं सोडलं नव्हतं, की टोपी आतून सादळलेली होती, वरून कळत नव्हतं, माणसाने काय करावं. वायरमनला सांगितलं, मला सांगितलं, लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या परक्या माणसाला सांगितलं. जमिनीवर काडीने दोन रानं, ओढा आणि लिंबाचं झाड काढून सांगायचे. फक्त ज्याला सांगायचं, तो ऐकायला तयार नव्हता. धाकट्याच्या मनात वेगळंच बसलं होतं. दर वर्षी दादा आपल्या बांधाकडे तोंड करून बार काढतो, हेच तो सगळ्यांना सांगायचा. पोळ्याला दोन्ही घरांचे बैल पूर्वी एका तोरणाखालून जायचे, ते वेगळे झाले. मामी मात्र पुरणपोळीचं ताट मागच्या गल्लीने जावेकडे पाठवायच्या आणि रिकामं ताट तिकडून कधी रिकामं यायचं नाही. बायकांनी भांडण मानलंच नव्हतं.

मामांची एक सवय मात्र मला तेव्हा नीट समजली. टोपी वाजली आणि बार नाही उडाला, तर ते बंदूक तशीच रोखून उभे राहायचे, आणि आसपास कुणाला हलू द्यायचे नाहीत. कारण आत ठिणगी धुमसत असली तर बार कधीही उडतो. घाईने बंदूक खाली केलेल्या माणसांच्या पायांच्या गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या. हीच रीत ते सगळीकडे लावायचे. मोटार चालू झाली नाही, फोन लागला नाही, मुलीने रागात फोन ठेवला, तरी ते जागेवरच थांबायचे. मला वाटतं भावाच्या बाबतीतही त्यांचं तेच चाललं होतं. माझा जीव मात्र त्यांच्यासाठी तुटायचा. सत्तरीला आलेली दोन माणसं, मधे एक भिंत, आणि कुणी आधी खोकलं तर हरलं, असा प्रकार.

मग विधानसभेची निवडणूक लागली. आचारसंहिता आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मामांनी बंदूक मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, मोपेडला आडवी बांधली आणि ठाण्यात नेऊन दिली. तिथे हवालदाराला सांगितलं, की पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, त्या भिंतीला ओल दिसते. पुढे दर दोन-चार दिवसांनी बघायला जायचे. हवालदार वैतागून म्हणाला, काका, बंदूक आहे ही, बाळंतीण नाही. मामा म्हणाले, बाळंतिणीला निदान बोलता येतं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि तूर कमरेच्या वर गेली होती. बंदूक ठाण्यात गेल्याचं रोह्यांना कुणी कळवलं कोण जाणे. कळप आला तो मामांच्या रानातून चरत चरत खाली धाकट्याकडे उतरला आणि तिथेच राहिला. आम्हाला सकाळी घरापर्यंत थाळी बडवण्याचा आवाज यायचा. धाकटा आपल्या खालच्या बांधावर उभा राहून बडवत होता. दोन-तीन दिवस जनावरं दचकली असतील, मग त्यांनी मान वर करून बघायचंही सोडलं. मामा अंगणात फेऱ्या मारायचे. त्यांचंही पीक जात होतं, पण त्याबद्दल ते बोलत नव्हते. सारखे खालच्या अंगाला बघायचे. एकदा मला म्हणाले, की तो एकटाच उभा आहे तिथं, गारठ्यात. मी म्हटलं, मग जा ना मामा. ते म्हणाले, हात हलवत जाऊन काय करू?

मतदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गोष्ट. मी शाळेतून येऊन पाय धूत होते. फाटक वाजलं आणि आत मामांसारखाच उंच, वाळका, पण मिशा असलेला माणूस आला. मी त्यांना गावात लांबून पाहिलं होतं, या अंगणात कधीच नाही. मामी चुलीपाशी होत्या, त्या अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या. धाकट्यांनी चपला काढल्या, मामांच्या समोर बाजेवर बसले आणि जणू सकाळीच भेटले होते अशा आवाजात म्हणाले, “बंदूक कवा येणार हाय, दादा?”

“मतमोजणी झाल्यावर सोडत्याल,” मामा म्हणाले.

“जल्दी आण.”

मामींनी चहा आणून ठेवला. धाकट्यांनी खाली बघत सांगितलं, की काल ते लिंबाच्या झाडापर्यंत गेले होते. एवढ्या वर्षांत प्रथमच जवळून पाहिलं. तो डबा पार चाळणी झालाय. आपल्याकडे रोखलेला बार कशावर लागत होता, ते त्यांना कळलं, आणि एवढी वर्षं आपली तूर कुणामुळे उभी राहत होती, तेही. मग स्वतःच मामांना वाट करून देत म्हणाले, “त्या टायमाला टोपी आतून सादळल्याली व्हती म्हणं. लोक सांगत्यात. तुला तरी कसं कळावं.”

मी मामांकडे पाहिलं. आता ते काडी घेऊन जमिनीवर दोन रानं काढणार, याची मला खात्री होती. हे वाक्य याच माणसाच्या तोंडून ऐकायला त्यांनी किती वर्षं काढली होती. आता नुसती मान हलवली असती, तरी सगळं मिटलं असतं.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली.

“न्हाई,” ते म्हणाले. “दिसत व्हतं मला. खिशात दोन टोप्या व्हत्या. एक चांगली, अन् एक सादळून हिरवी पडल्याली. खराब हाय ती आधी संपवावी म्हणलं. चांगली राह्यली तर पुढल्या बाराला व्हईल.”

मामींचा हात तोंडावर गेला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनीही हे आजच ऐकलं होतं. आणि खरं सांगते, मला भयंकर वाईट वाटलं. घरातलं शिळं आधी संपवावं, ताजं उद्याला ठेवावं, हे आमच्या सगळ्यांच्या घरात आयांनी शिकवलेलं. त्यात पाप कसलं? पण त्या एका टोपीपायी या माणसाने भाऊ घालवला होता, आणि भाऊ परत दारात आला असतानाही त्याला खोट्यावर घरात घ्यायला तो तयार नव्हता.

धाकटे मामांकडे बघत राहिले. मला वाटलं उठतात आता. चपलांकडे त्यांची नजर गेलीसुद्धा होती.

“म्या बी तेच केलं असतं,” ते म्हणाले. मग खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. “मोपेडवर नको आणू बंदूक. मी गाडी काढतो, संगं जाऊ.”

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत काढला. मामींनी परात पुढे ओढली आणि कुणाला न विचारता भाकरीचं पीठ वाढवून घेतलं.